एकाच साच्यातले हात

डेल क्रम्पॅकरने हातोडा आपटला
तेव्हा सकाळचे नऊ वीस झाले होते
आणि रूट तीसवरच्या आमच्या मेणाच्या म्युझियममध्ये
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गळ्यात चिठ्ठ्या बांधून उभे होते,
काउंटीच्या जत्रेतल्या वासरांसारखे.

चिठ्ठीवरचे आकडे आमच्या कपाटांचे,
इतिहासाशी त्यांचा संबंध नाही.
एकतीस वर्षं मीच आंघोळी घातल्या यांना.
कोमट पाणी, लहान बाळाचा साबण,
कानामागे कापसाचा बोळा.
राष्ट्राध्यक्ष असो की नवरा,
मळ कानामागेच साठतो.

सतरा नंबर आधी गेला.
ज्याची प्रेमपत्रं तो मेल्यावरही
पन्नास वर्षं बोलत राहिली, तो.
डेल म्हणाला, जोडीनं घ्या, शेजारी बायको आहे.
घेणारा हसला. ती नको.
सहाशे डॉलर.

मग तो भला माणूस, नंबर आठ,
ज्यानं स्वतः एक पैसा खाल्ला नाही
पण ताटाभोवती बसलेल्या मित्रांना
ज्याला कधी 'पुरे' म्हणता आलं नाही.
टोलेडोच्या बारवाल्यानं नेला चारशेला,
पोकरच्या टेबलाशी बसवायला.
शोभेल तिथं.

तेवीस नंबरशी जरा थांबले मी.
स्वातंत्र्यावर याच्याइतकं सुंदर कुणी लिहिलं नाही,
आणि याच्याच वहीत
माणसांची नावं गुरांच्या रकान्यात.
आयोना गेन्स बाई दर वसंतात चौथीचा वर्ग आणायच्या;
एकदा त्यांच्यातल्या एका पोरीनं मलाच विचारलं,
यातली स्वतःची मुलं कुठली, हे त्याला माहीत होतं का?
मी फडक्यानं त्याचे बूट पुसत राहिले.
आधीच पुसलेले होते.
नऊशे. टेलिफोनवरून.

असं दुपारपर्यंत चाललं.
जेवढं लफडं मोठं तेवढी बोली चढायची,
बायका हळूच हात वर करायच्या,
पुरुष खाकरायचे.

आणि एकोणतीस नंबरला कुणी विचारेना.
एक बायको, एक कुत्रा, एक कोट.
रात्री साडेनऊला दिवा बंद.
कुणाचं पत्र नाही, कुणाचं पाकीट नाही.
डेलनं तीनदा विचारलं, मग म्हणाला,
निदान कोटाचे तरी द्या.

मला मात्र पाटीचा खालचा भाग पाठ होता,
बारीक अक्षरांतला, जो कुणी वाचत नसे:
एका मंगळवारी यानं नाश्त्यानंतर एक कागद सही केला,
आणि नदीकाठची गावंच्या गावं
भर हिवाळ्यात
चालत निघाली तीन राज्यांपलीकडे.
किती पोचली ते पाटीवर नव्हतं.
याला लफडं म्हणत नाहीत.
धोरण म्हणतात.

अकरा डॉलर, मी म्हटलं.
डेलनं चष्म्यावरून पाहिलं. "ल्युएला, तुला कशाला?"
मला सांगता आलं नाही.

हातांचं मात्र मला आधीपासून ठाऊक होतं.
क्लीव्हलँडच्या म्हाताऱ्या प्रिमोझिचनं
चेहरे एकेक महिना खपून घडवले,
पण पैसे संपत आले म्हणून हात सगळ्यांना एकाच साच्यातले:
त्याच्या मेव्हण्याचे.
मेव्हणा कसाई. उभ्या जन्मात मत न दिलेला.
शपथेला वर गेलेला, खिशात लपलेला,
दुसऱ्याच्या बायकोच्या पाठीवर ठेवलेला,
सगळीकडे तोच हात,
करंगळीवर तोच सुरीचा व्रण.

पिकअपमध्ये शेजारी बसवला त्याला.
गाडी टिंगटिंग करत राहिली,
तिला वाटलं माणूस बसलाय.
शेवटी पट्टा लावला, तेव्हा गप्प झाली.

ऑगस्टचं ऊन. दुतर्फा मका.
एसी गेल्या उन्हाळ्यापासून बंद.
घरी पोचेपर्यंत
त्याच्या उजव्या हाताचा अंगठा वाकला होता,
आत, पहिल्या बोटाकडे,
पेन धरल्यासारखा.